वाघ दिसलाच पाहिजे?

कान्हाहून परतलेल्या माणसाला आमच्या सियागंजात कुणी विचारत नाही की जंगल कसं होतं, ओढ्याला पाणी होतं का, पक्षी कोणते दिसले. एकच प्रश्न येतो : वाघ दिसला का? दिसला म्हटलं की लगेच दुसरा : किती जवळून? आणि नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो, तो आपली समजूत घालायला लागतो. "अरेरे, मग पैसे वायाच गेले म्हणायचे!" दुकानाच्या गादीवर हेच, मंदिराच्या पायरीवर हेच, महिला मंडळाच्या बैठकीतही हेच.

हा प्रश्न मला मुळीच निरागस वाटत नाही. वाघ दिसलाच पाहिजे हा हट्ट म्हणजे हिंसा आहे, आणि तो हट्ट धरणाऱ्यांत पाणी गाळून पिणारे आपण जैन कुणाच्या मागे नाही, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे. काहींना राग येईल. येऊ दे. फक्त शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

आपल्याकडे हिंसेचा हिशेब फार बारीक ठेवलेला आहे. स्वतः केली ती कृत, दुसऱ्याकडून करवली ती कारित, आणि दुसरा करत असताना मनातून बरं वाटलं ती अनुमोदित. तिन्हींचा दोष लागतो. पाठशाळेतल्या आठ वर्षांच्या मुलीलाही हे पाठ असतं. 'माझा हात नव्हता' म्हणून सुटता येत नाही, ही आपल्या धर्माची केवढी मोठी शिकवण आहे!

मग जिप्सीत चढताना ही शिकवण कुठे राहते? मंडळाची सहल निघते तेव्हा रिसॉर्टवाल्याला आठ दिवस आधी फोन जातात. जेवण सूर्यास्तापूर्वी हवं. कांदा-लसूण नको. सकाळच्या नाश्त्याच्या डब्यात बटाट्याची फोड निघाली तर खबरदार. यात गैर काहीच नाही, ते आपलं व्रत आहे आणि मीही ते पाळते. पण त्याच पहाटे, फाटक उघडायच्या आधी, आमच्यातलीच एखादी भाभी पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणते, "भैया, पाँच सौ अलग से देंगे, टाइगर दिखना चाहिए!" बाकीच्या हसतात. त्या हसण्यात अनुमोदन आहे आणि त्या पाचशेच्या नोटेत कारित आहे, हे कुणाच्या लक्षातही येत नाही. बटाट्यातले अनंत जीव आपल्याला दिसतात आणि समोरचा एवढा थोरला जीव दिसत नाही.

त्या पाचशे रुपयांचं पुढे काय होतं ते बघा. ड्रायव्हर काही धनवान माणूस नाही. हंगाम नऊ महिन्यांचा, गाडी बहुधा कर्जावर घेतलेली किंवा मालकाची. आत शिरल्यावर कुठे चितळ ओरडलं, कुठे सांबराने इशारा दिला, की तो गाडी तिकडे पळवतो. दुसऱ्या गाडीतही कुणीतरी असेच पाचशे कबूल केलेले असतात. तीही येते, तिसरी येते. बघता बघता रस्त्यावर दहा गाड्या. वाघाला पलीकडच्या पाणवठ्यावर जायचं असतं, आणि दोन्ही बाजूंनी रस्ता बंद. एप्रिल-मेमध्ये वाघ हमखास दिसतो म्हणून आपण मुद्दाम त्याच महिन्यांत जातो. तो दिसतो, कारण पाणी आटलेलं असतं आणि त्याला तहान लागलेली असते. तहानलेल्याच्या वाटेत गाडी उभी करायची आणि घरी येऊन उन्हाळ्यात पाणपोई लावायची, हे कसं जमतं आपल्याला?

हे मी रंगवून सांगत नाही. माझं माहेर विदर्भातलं, त्यामुळे तिकडच्या बातम्या मी बारकाईने वाचते. ३१ डिसेंबर २०२४ ला नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, एक वाघीण आपली पाच पिल्लं घेऊन रस्त्यावर आली. सरत्या वर्षाची सुट्टी साजरी करायला आलेल्यांच्या गाड्या दोन्हीकडून उभ्या राहिल्या आणि ती आई पिल्लांसकट मध्ये अडकली. व्हिडिओ देशभर फिरला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पहिली कारवाई झाली ती ड्रायव्हर आणि गाइड यांच्यावर. नियम त्यांनी मोडला होता, तेव्हा ठीकच झालं. पण गाड्यांच्या मागच्या सीटवर मोबाइल उंच धरून कोण बसलं होतं? आपल्यासारखीच माणसं. मुलाबाळांच्या आया. आपलं पोर जत्रेत दोन मिनिटं दिसेनासं झालं तर जीव घशाशी येणाऱ्या बाया! कायद्याच्या वहीत मागच्या सीटचा रकाना असेल-नसेल, आपल्या कर्माच्या वहीत तो आहे.

नियम काही कमी नाहीत. २०१२ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातलं पर्यटन थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या अटींवर. गाभ्याचा २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनासाठी वापरायचा नाही. प्राण्यापासून निदान २० मीटर लांब राहायचं. वाघ बघताना दोन गाड्यांत ५० मीटर अंतर ठेवायचं. प्राण्याला घेरायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. कागदावर सगळं लिहिलेलं आहे. ते मोडतं कशामुळे? मागून खांद्यावर बोटं मारून "और थोड़ा आगे लो ना भैया" म्हणणाऱ्या आवाजामुळे.

आणि हा हट्ट आजचा नाही. आपल्या देशातल्या जंगलांत एकेकाळी पाहुण्यांना वाघ दाखवायचा म्हणून रेडकू बांधत असत. जिवंत, दाव्याला बांधलेलं, आईसाठी हंबरणारं. रात्री वाघ यायचा आणि मचाणावरचे पाहुणे धन्य व्हायचे. त्यानंतरच्या काळात मध्य प्रदेशातल्या उद्यानांत हत्तीवरचे माहूत पहाटे वाघ शोधून ठेवत, आणि मग एकेका जिप्सीतल्या माणसांना हत्तीवर चढवून, त्याच्याजवळ नेऊन आणत. त्याला टायगर शो म्हणायचे. रेडकू गेलं, टायगर शोही बंद झाला, पण हाव तिथेच आहे. आमच्या इंदूरजवळच्या रालामंडलला होळकरांची शिकारबाडी आहे, १९८९ पासून तो डोंगर अभयारण्य झाला. तिथे गेलं की आपण नातवंडांना सांगतो, बघा, राजे लोक इथे शिकारीला यायचे, किती वाईट! बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली हे उत्तमच झालं, वाघ जिवंत राहिला. पण 'मला तो मिळालाच पाहिजे' ही मनातली गोष्ट जर तीच असेल तर राजाला नावं ठेवण्याचा अधिकार आपल्याला किती?

आता आपल्यातल्या दुसऱ्या बाजूकडे वळते. काही वडीलधाऱ्या बाया म्हणतात, मुळात जायचंच कशाला? मांसाहारी जनावर, रोज जीव मारणारं. त्याला बघायला जाणं म्हणजे त्याच्या शिकारीला अनुमोदन देणं. मावशी-काकूंचा मान राखून सांगते, मला हे पटत नाही. वाघाने हरीण मारलं तर ते तो चवीसाठी मारत नाही, साठवण्यासाठी मारत नाही. भूक लागल्याखेरीज सहसा मारत नाही, आणि त्याला दुसरं अन्न पचत नाही. आपल्या शास्त्राप्रमाणे तो संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे, पाचही इंद्रियं आणि मन असलेला. आपण ज्यांचे वंदन रोज करतो त्या महावीरांचं लांछनच सिंह आहे. त्यांचा जीव एका पूर्वभवात सिंह होता, हरणाची शिकार करत असताना दोन चारण मुनींनी त्याला उपदेश केला आणि तिथून त्या जीवाची वाट बदलली, ही कथा दिगंबर पुराणांत आहे. ते मुनी सिंहाला भ्यायले नाहीत, त्याची किळसही त्यांना वाटली नाही. समवसरणाच्या चित्रात सिंह आणि गाय एकाच पात्रातून पाणी पितात. त्या चित्रातून सिंहाला काढून टाकलं तर मागे काय उरेल?

दिल्लीच्या लाल मंदिरात आपल्या समाजाने चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे. मोठं पुण्याचं काम, हजारो कबुतरं-पोपट तिथे बरे होतात. पण मांसाहारी पक्ष्यांना तिथे दाखल करून घेत नाहीत, बाहेरच्या बाहेर उपचार करून पाठवतात. याच दिल्लीत नदीम आणि सऊद या दोन भावांनी, घार मांसाहारी म्हणून नाकारली गेली तेव्हा, स्वतःच्या घरच्या तळघरात घारींवर उपचार सुरू केले. त्यांच्यावर निघालेला माहितीपट २०२२ मध्ये जगभर गाजला. मी कुणाला कमी लेखण्यासाठी हे सांगत नाही. पण दया करताना समोरच्याच्या ताटात काय आहे ते आधी तपासायचं, ही सवय आपल्याला लागली आहे आणि ती तपासून बघायला हवी.

या दोन्ही बाजूंचं बिंग २०२३ च्या मे महिन्यात फुटलं. महूच्या आर्मी वॉर कॉलेजच्या आवारात सीसीटीव्हीत वाघ दिसला. इंदूरहून तासाभराच्या अंतरावर! वाघ बघायला जे साताठशे किलोमीटर येऊन-जाऊन गाडी चालवतात, त्यांच्याच मोबाइलवर निरोप फिरायला लागले : पकडा, लांब सोडा, सरकार झोपलं आहे का. म्हणजे वाघ हवा, पण तिकिटाच्या पलीकडे, ठरल्या वेळेला, ठरल्या रस्त्यावर. भीती वाटणं साहजिक आहे, मलाही वाटली असती. पण २०२२ च्या गणनेत मध्य प्रदेशात ७८५ वाघ निघाले, देशात सर्वांत जास्त, म्हणून पेढे वाटल्यासारखे निरोप पाठवणारेही हेच हात होते. ७८५ वाघ कुठेतरी राहणार, कुठेतरी चालणार. ते फक्त आपल्या सुट्टीच्या दिवशी जंगलात हजर आणि एरवी गायब, असं कसं होईल?

आणि आपल्याला जी भीती दोन आठवडे वाटली, ती ज्यांना जन्मभर असते त्या बायांचं काय? आता हे सियागंजच्या बायांनी नीट ऐकावं, कारण यात आपला गल्ला गुंतलेला आहे. आपल्या बाजारात चारोळी येते, डिंक येतो, हिरडा-बेहडा येतो. गोणीवर भाव लिहिलेला असतो, कुणी वेचलं ते लिहिलेलं नसतं. बरंचसं वेचतात त्या मंडला, बालाघाट, छिंदवाड्याकडच्या आणि तिकडे विदर्भातल्या बाया. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं, मग चारोळी, मेमध्ये तेंदूपत्ता. ज्या महिन्यांत आपण वाघ बघायला जातो, त्याच महिन्यांत, त्याच पहाटे, त्या वाकून फुलं वेचत असतात. आपण गाडीत आणि त्या पायी. १० मे २०२५ ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. एकाच दिवशी, तिघी. त्यांना वाघ 'दिसला'. किती जवळून, हे कुणी विचारू नये.

ताडोब्यातली माया नावाची वाघीण पर्यटकांची फार लाडकी होती. तिच्या फोटोंना तोटा नाही. २० नोव्हेंबर २०२१ ला वनरक्षक स्वाती ढुमणे सोबत मजूर घेऊन पायी त्याच जंगलात फिरत होत्या, वाघांच्या गणनेसाठी खुणा नोंदवायला. मायाने हल्ला केला आणि त्या गेल्या. आपण ज्या आकड्याचा अभिमान मिरवतो तो अशा पायांनी मोजलेला असतो. मायाचं नाव किती जणींना माहीत आहे, विचारून बघा. मग स्वाती ढुमणेंचं विचारा.

"आम्ही पैसे भरतो," असं एक उत्तर हमखास मिळतं. भरतो ना. पण पैसे जंगलात शिरण्याचे भरतो, वाघाचे नाही. मंडळाच्या सहली रामटेकला जातात, शांतिनाथांचं दर्शन घेतात आणि तिथून पेंचला जातात. रामटेकच्या गाभाऱ्यात कुणी म्हणतं का, पेटीत पाचशे टाकले, आता देव प्रसन्न झालाच पाहिजे, नाहीतर पैसे परत? दर्शन हा शब्द आपण दोन्ही ठिकाणी वापरतो, तेवढी नम्रता मात्र एकाच ठिकाणी ठेवतो.

तर मग जाऊच नये का? जावं. जरूर जावं, मुलांना घेऊन जावं. ज्याला बघितलं नाही त्याच्यासाठी माणूस कधी उभा राहत नाही. पण कान्हात वाघाखेरीज काय आहे ते तरी माहीत असू द्या. कठीण जमिनीवर राहणारा बारशिंगा, आपल्या राज्याचा राज्यप्राणी, १९७० च्या सुमारास तिथे अवघे ६६ उरले होते. दुसरीकडे कुठे नव्हतेच. आज ते हजाराच्या घरात आहेत, काही सातपुड्यात नेऊन वसवले आहेत. केवढी मोठी जीवदया ही! आणि ते ज्या कुरणांत चरतात, त्यांतली कित्येक कुरणं एकेकाळी बैगा आणि गोंडांच्या गावांची शेतं होती. ती गावं उठली तेव्हा हे गवत उगवलं. बारशिंगा बघताना ही दोन्ही वाक्यं मुलांना सांगा. एकच सांगितलं तर ते अर्धं सांगणं होईल.

आणखी एक. ही उद्यानं १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असतात. पावसात रस्ते वाहून जातात, जीवजंतू फार होतात, प्राण्यांना विसावा हवा असतो. हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? आपले साधू-साध्वी याच दिवसांत विहार थांबवून एका जागी राहतात. जंगलाचाही चातुर्मासच म्हणायचा. पण या दिवसांत हिरवी भाजी सोडणाऱ्या घरांतूनच विचारणा होते की बफरमध्ये पावसाळी सफारी मिळते का. निदान आपण तरी मागू नये.

खरं म्हणजे आपल्याइतकी जंगलाला लायक माणसं दुसरी मिळणार नाहीत. ईर्यासमिती आपल्याला माहीत, पायाखाली बघून चालणं. सामायिक आपल्याला माहीत, ४८ मिनिटं एका जागी, न बोलता, न हलता बसणं. पाणवठ्याशी गाडी बंद करून तेवढाच वेळ बसून बघा. मोर येतील, सांबर येईल, एखादं मुंगूस येईल. वाघ आला तर आला.

म्हणून मंडळाकडे माझी मागणी सरळ आहे. वाघ दाखवण्यासाठी ड्रायव्हरला जादा पैसे कुणी कबूल करायचे नाहीत. खुशीने जे द्यायचं ते परतल्यावर, वाघ दिसो न दिसो, सारखंच. २० मीटरच्या आत गाडी नेऊ नका असं फाटकावरच आपण त्याला सांगायचं, म्हणजे त्याचीही भीड मोडेल. एका ठिकाणी तीन गाड्या दिसल्या तर चौथी आपली नसेल. मोबाइल पिशवीत राहतील. चातुर्मासात सफारी नाही. आणि जीवदयेच्या पेटीतला एक वाटा दरवर्षी जंगलात मेलेल्या बायांच्या घरी जाईल, कारण त्याही जीवच होत्या.

या थंडीत रामटेक-पेंचची सहल ठरते आहे. नावं नोंदवायच्या वहीच्या पहिल्या पानावर हे नियम लिहून काढा, आणि ज्यांना वाघाची हमी हवी असेल त्यांचं नाव खुशाल वगळा. बसमध्ये दोन जागा रिकाम्या राहिल्या तरी चालतील.